दुसऱ्याचे लग्न आणि आपले घर

दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी कायद्याने लग्न केले, तर बाकीच्या नवराबायकोंच्या संसाराला त्याची झळ पोचते काय? हा प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे जगातील अनेक कायदेमंडळांत, न्यायालयांत आणि धर्मपीठांवर लढवला गेला आहे. २०२३ मध्ये तो आपल्या सर्वोच्च न्यायालयातही पोचला. यावर बोलणारे बहुधा मनूपासून आरंभ करतात आणि 'निसर्गा'पाशी येऊन थांबतात. मी धर्मशास्त्र शिकलेला नाही, समाजशास्त्रही नाही. माझे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, करारांच्या चोपड्या आणि सरकारी अहवाल चाळता चाळता झाले. त्या शिक्षणाने एक सवय लागते. मालक म्हणाला की, एवढा बोनस दिला तर कारखाना बुडेल, तर आम्ही त्याच्याशी नीतिशास्त्रावर वाद घालत बसत नाही, ताळेबंद मागतो. या प्रश्नाचाही ताळेबंद आता तयार आहे. ज्या देशाने हा प्रयोग सर्वांच्या आधी केला, त्याला पस्तीस वर्षे होऊन गेली. तेव्हा, श्रोतेहो, आज तत्त्वचर्चा थोडी बाजूला ठेवून जमाखर्च पाहू.

तो पहिला देश डेन्मार्क. तेथील संसदेने ७ जून १९८९ रोजी 'नोंदणीकृत सहजीवना'चा कायदा संमत केला आणि १ ऑक्टोबरपासून तो अमलात आला. पहिल्याच दिवशी कोपनहेगनच्या नगरभवनात अकरा जोडपी नोंदली गेली. त्यांत ॲक्सेल आणि आयगिल ॲक्सगिल हे दोघे गृहस्थ होते. चाळीस वर्षे त्यांनी एकत्र काढली होती आणि दोघांच्या नावांचे तुकडे जोडून एकच आडनाव घेतले होते. या नोंदणीला 'विवाह' असे नाव दिलेले नव्हते. चर्चमध्ये लग्न लावण्याची मुभा तर त्यांना २०१२ पर्यंत मिळाली नाही. तथापि वारसा, कर, घर, निवृत्तिवेतन या बाबतींत नवराबायकोचे बहुतेक हक्क त्यांना मिळाले.

आता त्या देशातील स्त्री-पुरुषांच्या लग्नांचे काय झाले ते पाहा. १९६० च्या दशकाच्या मध्यास डेन्मार्कमध्ये वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास लग्ने होत. मग ती घसरत गेली आणि १९८२ मध्ये सुमारे चोवीस हजारांवर आली. ही घसरण झाली तेव्हा समलिंगी जोडप्यांचा कायदा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. १९८९ नंतर ही संख्या आणखी कोसळावयास हवी होती. प्रत्यक्षात २००० साली ती अडतीस हजारांच्या पुढे गेली. लग्न न केलेल्या आईबापांच्या पोटी जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण १९९० मध्ये शेकडा ४६ होते, दहा वर्षांनी ते शेकडा ४५ च्या घरात राहिले. कायद्यामुळे लग्ने वाढली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हा उलट्या बाजूचा खोटा हिशेब होईल. कायद्यामुळे ती घटली नाहीत, एवढेच कागदावर दिसते.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला गेला, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. २००४ मध्ये स्टॅन्ले कुर्ट्झ या अमेरिकन लेखकाने असे मांडले की, उत्तर युरोपात विवाहसंस्था मरणपंथाला लागली आहे आणि समलिंगी जोडप्यांच्या मान्यतेने तिला अखेरचा धक्का दिला. पुरावा म्हणून त्याने नॉर्वे आणि नेदरलंड्स पुढे केले. नॉर्वेचा कायदा १९९३ चा. तेथे अविवाहित आईबापांच्या मुलांचे प्रमाण १९९० मध्ये शेकडा ३९ होते, २००० मध्ये ते ५० झाले. आकडे खरे आहेत. पण आकड्यांची माळ मधूनच तोडली की ती हवे ते बोलते. हेच प्रमाण १९७० मध्ये शेकडा ७ होते आणि १९८० मध्ये १४-१५. म्हणजे सर्वांत मोठी उडी १९८० ते १९९० या दशकातली, कायद्याच्या आधीची. कायद्यानंतर चढ उलट मंदावला.

नेदरलंड्सची गोष्ट थोडी अवघड आहे. तेथे १९९८ मध्ये नोंदणी सुरू झाली, आणि १ एप्रिल २००१ रोजी मध्यरात्र उलटताच ॲमस्टरडॅमचे महापौर योब कोहेन यांनी चार जोडप्यांची लग्ने लावली. पूर्ण अर्थाने विवाह म्हणता येतील अशी ही जगातील पहिली समलिंगी लग्ने. तेथे अविवाहित आईबापांच्या मुलांचे प्रमाण १९९० मध्ये शेकडा ११, २००० मध्ये २५ आणि २०१० मध्ये ४४ होते. कायदा आणि वाढ हातात हात घालून चालली, असे कोणासही वाटेल. अशा वेळी कामगार चळवळीत आम्ही शेजारचा कारखाना पाहतो. ज्या देशात हा कायदा झालाच नाही, तेथे काय झाले? बल्गेरिया घ्या. त्या देशाच्या १९९१ च्या राज्यघटनेतच विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचे ऐच्छिक मीलन, असे लिहिलेले आहे. तेथे हेच प्रमाण १९९० मध्ये शेकडा १२, २००० मध्ये ३८ आणि २०१० मध्ये ५४ झाले. नेदरलंड्सपेक्षा वेगाने! बल्गेरियाच्या तरुण-तरुणींना लग्न टाळण्यास ॲमस्टरडॅमच्या महापौराने शिकवले, असे म्हणण्याइतके धाडस कुर्ट्झ महाशयांपाशीही नसावे. स्त्रीच्या हाती आलेला स्वतःचा पगार, संततिनियमनाची साधने, ओसरलेला चर्चचा धाक, आणि पूर्व युरोपात तर कोसळलेली नोकरी व न मिळणारी घरे, ही या बदलाची कारणे होत.

आता अमेरिका. तेथील काँग्रेसने १९९६ मध्ये जो कायदा केला, त्याचे नावच 'विवाह-संरक्षण कायदा' असे होते. त्याने संघराज्याच्या सर्व कायद्यांपुरता विवाह हा स्त्री-पुरुषांचाच ठरवला. कायदा झाला तेव्हा देशातील कोणत्याही राज्यात समलिंगी विवाह मान्य झालेला नव्हता. हवाई राज्यातील एका खटल्यामुळे तो होण्याची शक्यता तेवढी दिसत होती. एखाद्या कायद्याने कशाचे तरी संरक्षण करावयाचे, तर हल्ला कोठून येतो हे तरी सांगावे लागते. त्या वेळच्या अमेरिकन संसाराकडे पाहिले तर हल्ला येऊन गेलेला होता. १९६० मध्ये हजार लोकवस्तीमागे वर्षाला २.२ घटस्फोट होत, ते १९८१ मध्ये ५.३ झाले. तेव्हापासून ते उतरत आहेत. २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात समलिंगी विवाह सुरू झाले, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते देशभर मान्य केले, आणि २०२२ मध्ये घटस्फोटांचा आकडा २.४ होता. याचे श्रेय समलिंगी जोडप्यांना देण्याचे कारण नाही. लोक आता उशिरा लग्न करतात, कित्येक करीतच नाहीत, म्हणून मोडणारी लग्नेही कमी. ज्या मॅसॅच्युसेट्सवर आधी आभाळ कोसळावयाचे होते, ते राज्य घटस्फोटांच्या यादीत पूर्वीही तळाशी होते आणि नंतरही तळाशीच राहिले. 'रँड' या संशोधनसंस्थेने २०२४ मध्ये वीस वर्षांतील ९६ अभ्यास तपासून हाच निष्कर्ष काढला की, स्त्री-पुरुषांचे विवाह, घटस्फोट किंवा लग्नाविना सहवास यांवर कोणताही वाईट परिणाम आढळत नाही. त्या १९९६ च्या कायद्याचे जनक बॉब बार यांनी तर २००९ मध्ये स्वतःच वर्तमानपत्रात लेख लिहून आपला कायदा रद्द करण्याची मागणी केली.

या साऱ्या वादाचा कळसाध्याय कॅलिफोर्नियात घडला. २००८ च्या नोव्हेंबरात तेथील मतदारांनी शेकडा ५२ मतांनी समलिंगी विवाह बंद केले आणि प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००९ च्या सुनावणीत न्यायाधीश वॉन वॉकर यांनी बंदीच्या बाजूचे वकील चार्ल्स कूपर यांना साधा प्रश्न केला: या लोकांना लग्न करू दिले तर स्त्री-पुरुषांच्या लग्नाचे नेमके नुकसान कसे होते? वकिलांनी उत्तर दिले, मला ठाऊक नाही. पुढे त्यांनी खुलासा केला की, दूरचे परिणाम आज कोणासच सांगता येत नाहीत, म्हणून समाजाने जपून पाऊल टाकावे. मला या वकिलांविषयी आदर वाटतो. कोर्टात इतके सरळ उत्तर देणारे वकील मी फार पाहिलेले नाहीत. त्यांच्याच बाजूचे साक्षीदार डेव्हिड ब्लँकनहॉर्न यांनी २०१२ मध्ये आपले मत बदलल्याचे जाहीर केले.

मग ही भीती येते कोठून? ती केवळ द्वेषातून येते असे म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा विरोध करणारे सभासद कोणाचे वाईट चिंतणारे नव्हते. त्यांच्या डोक्यात भाकरीचा हिशेब होता. पंगतीत एक पान वाढले की प्रत्येकाच्या वाट्याची भाकरी लहान होते, हा गरिबाच्या घरातला अनुभव आहे आणि तो खोटा नाही. पगारवाढीची रक्कम ठरलेली असेल, तर नव्या दोनशे माणसांना सामावून घेताना जुन्यांना झळ लागतेच. परंतु काही हक्क भाकरीसारखे नसतात. शेजाऱ्याला मताचा अधिकार मिळाल्याने माझे मतपत्र अर्धे फाडले जात नाही. लग्न हा हक्क कोणत्या जातीचा, हाच खरा प्रश्न होता, आणि वर दिलेल्या ताळेबंदाने त्याचे उत्तर दिले आहे.

तरीही 'परिणाम काहीच नाही' असे म्हणून मी थांबणार नाही, कारण इतिहासात परिणाम दिसतो. फक्त तो उलट दिशेने झालेला आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात लग्न होताच स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होई. तिची मजुरी त्याची, तिचे घर त्याचे. नवरा आणि बायको ही दोन निरनिराळी पदे होती, कारखान्यातील मुकादम आणि हेल्पर यांच्यासारखी. एकाची कामे दुसऱ्याला करता येत नसत. ही व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात १९७० च्या दशकाअखेरपर्यंत नवऱ्याला दोघांच्या सामाईक मालकीचे घर बायकोला न विचारता गहाण टाकता येत असे. असेच एक घर गहाण पडले, बायको भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८१ मध्ये तिला न्याय मिळाला. विवाहित जोडप्याला संततिनियमनाचा हक्क तेथील न्यायालयाने १९६५ मध्ये मान्य केला. परस्परांवर दोषारोप न करता घटस्फोट घेण्याचा कायदा कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये केला, आणि त्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन होते, ज्यांना कोणी क्रांतिकारक म्हणणार नाही.

हे सर्व बदल स्त्री-पुरुषांनी, विशेषतः स्त्रियांनी, आपल्या स्वतःच्या संसारासाठी मागितले. त्यांचा एकत्रित परिणाम असा झाला की, कायद्याच्या पुस्तकात 'नवऱ्याची कामे' आणि 'बायकोची कामे' असे वेगळे रकाने उरले नाहीत. समान हक्कांची दोन माणसे उरली. आणि एकदा दोन्ही पदांचे अधिकार सारखे झाले की, या पदावर पुरुषच का आणि त्या पदावर स्त्रीच का, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच होते. १८५० मध्ये तो विचारताच आला नसता. समलिंगी विवाहाने आपले लग्न बदलले नाही. आपले लग्न आधी बदलले, म्हणून समलिंगी विवाह कल्पनेत येऊ शकला. ज्यांना हा बदल खुपतो, त्यांचे खरे भांडण घर गहाण टाकू न देणाऱ्या त्या बाईशी आहे.

आता जमाखर्चाच्या अशा एका पानाकडे येतो, जे दोन्ही पक्षांचे लोक घाईने उलटतात. फ्रान्समध्ये १९९९ साली समलिंगी जोडप्यांना विवाह द्यावयाचा नाही, पण काहीतरी द्यावयाचे, अशी तडजोड निघाली. 'पॅक्स' नावाचा एक सहजीवनाचा करार कायद्याने निर्माण झाला. हा करार कोणत्याही दोन प्रौढांना खुला ठेवला गेला. झाले काय, की स्त्री-पुरुष जोडप्यांनीच त्याच्यावर उडी घातली. करार सोपा, मोडणे त्याहून सोपे. २०२२ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे २ लाख ४२ हजार विवाह झाले आणि सुमारे २ लाख १० हजार पॅक्स करार झाले. त्या करारांत समलिंगी जोडपी होती जेमतेम दहा हजार. म्हणजे विवाहाशी स्पर्धा करणारी गोष्ट खरोखर निर्माण झाली; ती समलिंगी लोकांना विवाह दिल्याने झाली नाही, नाकारल्याने झाली. विवाहाचा दरवाजा त्यांना तेथे २०१३ मध्ये उघडला, तोवर करार घरोघर पोचला होता. ब्रिटननेही २००४ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी वेगळी नोंदणी काढली. पुढे स्त्री-पुरुष जोडप्याने 'आम्हालाही तीच हवी' म्हणून खटला लढवला, २०१८ मध्ये जिंकला, आणि २०१९ च्या अखेरीपासून ती स्त्री-पुरुष जोडप्यांनाही मिळू लागली.

कामगार चळवळीतील माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही. कंत्राटी कामगारांना कायम करा, अशी मागणी युनियनने केली की, काही कायम कामगारच कुरकुर करतात: त्यांना आमच्या बरोबरीला आणले तर आमची किंमत काय राहिली? मालक ही कुरकुर ऐकतो आणि मधली तोड काढतो. वेगळी हजेरी, वेगळा करार, अर्धे हक्क. दहा-पंधरा वर्षांनी त्या खात्यात जाऊन पाहावे. कायम कामगार निवृत्त होत गेलेला असतो आणि त्याच्या जागी त्याचाच मुलगा कंत्राटावर लागलेला असतो. जे अर्धे हक्क दुसऱ्यासाठी म्हणून शोधून काढले, ते फिरून आपल्या घरी येतात. पॅक्सची तुलना कंत्राटाशी पूर्णपणे होत नाही हे मला मान्य आहे. तो जोडपी राजीखुशीने करतात आणि पुष्कळ जोडपी त्यात सुखी आहेत. पण एक कलम युनियनवाल्याच्या नजरेतून सुटत नाही: जोडीदार मेल्यावर त्याच्या निवृत्तिवेतनाचा जो वाटा मागे राहिलेल्याला मिळतो, तो फ्रान्समध्ये विवाहितालाच मिळतो, पॅक्स केलेल्याला मिळत नाही.

अमेरिकेत या गोष्टीला जी दुसरी बाजू होती, ती युनियनच्या करारात घडली. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकातील कामगार संघटनेने वाटाघाटीत लग्न न झालेल्या जोडीदारासाठीही वैद्यकीय विम्याचे संरक्षण मिळवले. तोवर तेथील कोणत्याही मालकाने असे कलम मान्य केलेले नव्हते. पुढे अनेक कंपन्यांनी ते स्वीकारले. मग विवाहाचा हक्क आला, आणि काही मालकांनी लगेच कळवले की, आता तुम्ही लग्न करू शकता, तर करा. विनालग्नाचे संरक्षण बंद. झळ लागली ती अशी, आणि ती लग्न झालेल्यांना लागलीच नाही.

हक्काचे मोल नवऱ्या मुलीच्या वरातीत कळत नाही, मृत्यूनंतरच्या कागदपत्रांत कळते. अमेरिकन सरकारच्या हिशेबखात्याने २००४ मध्ये मोजले, तेव्हा संघराज्याच्या १,१३८ कायदेशीर तरतुदी विवाहाच्या नात्यावर अवलंबून होत्या. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांची जोडीदार थिआ स्पायर २००९ मध्ये वारली, तेव्हा सरकारने विंडसरबाईंना ३,६३,०५३ डॉलर वारसा-कर लावला. नवरा वारला असता तर एक डॉलरही लागला नसता. २०१३ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला आणि 'विवाह-संरक्षण' कायद्याचा कणा मोडला. आमच्याकडे डॉलर नसतात, कागद मात्र तेच असतात. एका इंजिनिअरिंग कारखान्यातला आमचा सभासद टर्नर वारला. ज्याच्याबरोबर त्याने एका खोलीत अठरा वर्षे काढली, आजारपणात ज्याने त्याचे सर्व काही केले, तो माणूस प्रॉव्हिडंट फंडाच्या चौकशीला माझ्याकडे आला. टर्नरने नॉमिनी म्हणून त्याचेच नाव घातले होते. पण सभासदाला वृद्ध अवलंबून आईबाप असतील, तर कुटुंबाबाहेरच्या माणसाचे नामनिर्देशन त्या योजनेत टिकत नाही. रक्कम आईबापांना गेली, आणि त्यांना ती गरजेची होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या माणसाने कागदाची घडी केली आणि विचारले, "साहेब, मग मी त्याचा कोण?" कचेरीत बसलेल्या आम्हा चार संसारी माणसांपैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. त्याला उत्तर मिळाले असते तर आमच्यापैकी कोणाचा संसार त्या रात्री विस्कटला असता, हे मला अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

हा आक्षेप आपल्या देशाला नवा नाही. हेन्री मेन यांनी १८६८ मध्ये नागरी विवाहाचा मसुदा मांडला, तेव्हा तो कोणत्याही धर्माच्या माणसाला खुला होता. लगेच ओरड झाली की, दुसऱ्या कोणी असे लग्न केले तरी त्याने साऱ्या हिंदू समाजाची विवाहव्यवस्था ढळेल. म्हणून १८७२ चा कायदा झाला तो अरुंद करून: ज्याला त्याखाली लग्न करावयाचे, त्याने आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानीत नाही असे लिहून द्यावयाचे. ही अट हिंदूंपुरती सैल होण्यास १९२३ साल उजाडले, आणि खऱ्या अर्थाने सर्वांना खुला विशेष विवाह कायदा १९५४ मध्ये आला. मधल्या काळात, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार घालणाऱ्यांपैकी कोणाचे लग्न त्या विवाहाने मोडले होते, याची नोंद नाही.

त्याच १९५४ च्या कायद्याचा आधार घेऊन समलिंगी जोडपी सर्वोच्च न्यायालयात गेली. केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात म्हटले की, अशा विवाहाने व्यक्तिगत कायद्यांचा नाजूक तोल पार बिघडेल. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, विवाह हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. विवाहाहून वेगळी अशी नागरी सहजीवनाची मान्यताही तिघांनी दोघांविरुद्ध नाकारली. पुनर्विचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. त्याच महिन्यात थायलंडने असे विवाह सुरू केले. तैवानने ते २०१९ मध्येच केले होते.

निकालानंतर नेमलेल्या समितीच्या कामातून ऑगस्ट २०२४ मध्ये दोन बारीक गोष्टी निघाल्या. अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व एकमेकांचे नाव नॉमिनी म्हणून देण्यास आडकाठी नाही, आणि रेशनकार्डासाठी ते एकाच घरातले धरावेत. आमच्या गेल्या मागणीपत्रात आम्ही त्याला जोडून एक कलम घातले होते: गटविमा आणि दुखवट्याची रजा यांसाठी 'कुटुंब' या शब्दात कामगाराने लेखी कळवलेला एक सहवासी माणूस धरावा. व्यवस्थापनाने ते पहिल्याच बैठकीत वगळले. कराराची मुदत संपत आली आहे, आणि नव्या मसुद्यात ते कलम पुन्हा घातले आहे, सतराव्या क्रमांकावर.